तीन नंबरच्या गाडीची काळजी

जे जे म्हणून घट्ट बंद केलेलं असतं, ते ते कधी ना कधी पाझरतं, हा सृष्टीचा नियम आहे. माठ पाझरतो, गच्ची पाझरते, घरातलं गुपित तर उंबरठा ओलांडायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलेलं असतं. पाझरण्याला कोणाचा इलाज नाही आणि त्याबद्दल कोणाला बोल लावू नये. लावायचाच असेल तर जो झाकण उघडून आत बघतो त्याला लावावा, कारण त्याने बघेपर्यंत सगळं सुरळीत चाललेलं होतं. हे तत्त्व मोठमोठ्या ग्रंथांत सापडायचं नाही. शहराच्या रुग्णवाहिका खात्याच्या कार्यशाळेत मात्र ते रोज पाळलं जातं, आणि म्हणूनच ती कार्यशाळा इतकी वर्षं कोणाच्याही अंगाला काही लागू न देता चाललेली आहे.

कार्यशाळा म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. जमीन ऑइलने इतकी काळी की खाली पडलेला नट शोधायला चुंबक फिरवावं लागतं. एका टोकाला जाळीच्या दाराचं स्टोअर, दुसऱ्या टोकाला काचेची खिडकी असलेली साहेबांची खोली (काच आतून वर्तमानपत्राने झाकलेली, साहेबांना उजेडाचा त्रास म्हणून), आणि मधे चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. शहराचे विभाग चार, विभागाला रुग्णवाहिका एक. पैकी तीन नंबरची गाडी नदीपलीकडच्या विभागाला दिलेली होती. कार्यशाळेचा सगळा भार ज्याच्यावर, तो मिस्त्रीही नदीपलीकडेच राहायचा, आणि या गोष्टीतलं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मिस्त्री पन्नाशीला टेकलेला, कमी बोलणारा, हाताने चांगला माणूस. घरी दोन खोल्या, बायको आणि आई. आईचं हृदय नाजूक झालेलं होतं; जीभ मात्र शाबूत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पुन्हा छातीत कळ आली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ गाडी बोलवा. बायकोने गाडी बोलवायचा नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चिकटवला होता. जेवायला बसलं की तो बरोबर समोर यायचा, आणि मिस्त्रीचा घास तोंडात फिरायचा. नंबर लावल्यावर कोणती गाडी येणार, हे त्या घरात त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

आता तीन नंबरच्या गाडीला झालं होतं काय, ते थोडक्यात सांगायला हवं. इंजिनाच्या डोक्यावर एक जाड लोखंडी झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते दहा लांब बोल्टांनी खालच्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या धडावर, आवळलेलं असतं. या गाडीच्या इंजिनात त्या बोल्टांची भोकं खाली थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात, जिथे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी खेळत असतं. बोल्ट कोरडाच बसवला, की ते पाणी त्याच्या आट्याआट्यांवरून गोल जिन्यासारखं चढत वर येतं आणि बोल्टच्या डोक्याशी डोकावतं. बोल्ट सैल असतो म्हणून नव्हे. चांगला घट्ट असतानाही येतं. उपाय सोपा आहे. पाणी काढून टाकायचं, बोल्ट बाहेर घ्यायचे, आटे तारेच्या ब्रशने घासायचे, भोकं कोरडी पुसायची, आट्यांना सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, फासायचा आणि ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने पुन्हा आवळायचं. सकाळी हात घातला तर दुपारचा चहा प्यायला माणूस मोकळा.

हे मिस्त्रीला माहीत होतं. स्टोअरकीपरला माहीत होतं, सीलंटच्या ट्यूबा त्याच्याच कपाटात होत्या. साहेबांना माहीत होतं, कारण ते शिकलेले होते आणि शिकलेलं विसरलेले नव्हते. गाडीच्या ड्रायव्हरला माहीत होतं, गेटवरच्या वॉचमनलाही माहीत होतं. अज्ञान हा दोष या कार्यशाळेवर तिच्या वैऱ्यानेसुद्धा कधी ठेवलेला नाही.

मग घोडं पेंड खात होतं कुठे? उघडण्यात.

काही वर्षांपूर्वी एका धडपड्या फिटरने एक नंबरच्या गाडीचं इंजिन असंच उघडलं, साफ केलं आणि नीट बंद केलं. इंजिन उत्तम चाललं. पण पुढच्याच आठवड्यात त्या गाडीचा भोंगा वाजेना. चौकशी बसली. गाडीला शेवटचा हात कोणी लावला होता, एवढाच प्रश्न चौकशीपुढे होता, आणि त्याचं उत्तर सोपं होतं. फिटर गयावया करून सांगत राहिला, की साहेब, भोंगा वेगळा, इंजिन वेगळं. त्यावर चौकशी समितीने शांतपणे विचारलं, की दोन्ही एकाच गाडीत होते की नाही? होते. तेव्हापासून तो फिटर गाड्या धुतो, आणि त्याचं खरं नाव मागे पडून त्याला सगळे भोंगा म्हणतात. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं कोणी म्हणेल. पण त्या दिवसापासून कार्यशाळेत एकही चौकशी बसवावी लागली नाही, याकडे डोळेझाक करता येत नाही.

यातून जो नियम तयार झाला तो कुठे लिहिलेला नाही आणि लिहायची गरजही पडली नाही. जो उघडतो तो जबाबदार. जो आवळतो त्याला काळजी आहे.

पहिला पाव फेरा ड्रायव्हरने दिला. एका सकाळी त्याला बोल्टाशी हिरवा थेंब दिसला. त्याने खिशातून पाना काढला, बोल्टला लावला आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा दिला. थेंब पुसला. वर उसासाही टाकला. हे स्टोअरकीपरने पाहिलं. आपल्याला काळजी नाही असं कोणी म्हणू नये म्हणून दुपारी त्यानेही दिला. मग वॉचमनने. महिनाभरात ती रीतच पडली, की शेडमधून जाताना तीन नंबरचं बॉनेट उचलायचं, मान हलवायची, 'अजून पाझरतंच का हो' असं म्हणायचं आणि पाव फेरा देऊन पुढे जायचं. कोणाकडे पाहुणे आले तर त्यांना आधी चहा मिळायचा आणि मग पाना. साहेब सहसा खोलीबाहेर पडत नसत, पण वरिष्ठांच्या भेटीच्या दिवशी त्यांनीही सर्वांसमक्ष पाव फेरा दिला, आणि वरिष्ठांनी अर्धा. (ते वरिष्ठच होते.) कार्यशाळेत अशी एकजूट याआधी कोणी पाहिली नव्हती.

त्या वर्षीच्या अहवालात गळतीबाबत केलेल्या कार्यवाहीचा आकडा तीन नंबरच्या गाडीच्या नावावर सर्वांत मोठा होता. बाकीच्या तीन गाड्या गळत नसल्यामुळे त्यांच्याबाबतीत काहीच कार्यवाही झालेली नव्हती, आणि त्यांच्या ड्रायव्हरांकडून याचा खुलासा मागवण्यात आला.

गळतीचं वर्गीकरणही याच काळात झालं. हाताला लागते पण डोळ्याला दिसत नाही ती ओल. डोळ्याला दिसतो पण जमिनीवर पडत नाही तो पाझर. जमिनीवर पडते पण त्याबद्दल कोणी विचारत नाही ती ठिबक. आणि वरिष्ठांच्या बुटावर पडते ती गळती. या हिशेबाने तीन नंबरच्या गाडीला गळती अशी कधी लागलेलीच नव्हती, कारण वरिष्ठ यायचे त्या दिवशी तिच्याखाली पत्र्याचा ट्रे सरकवला जायचा. ड्रायव्हर मात्र सीटमागे पाण्याचे दोन डबे ठेवायला लागला होता. पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं, प्यायचं असेल.

लोखंड झालं तरी त्याला सहनशक्तीची हद्द असते. एका सकाळी ड्रायव्हरने पाव फेरा द्यायला पाना लावला आणि सात नंबरच्या बोल्टाचं डोकं त्याच्या हातात आलं. तो ते तळहातावर घेऊन मिस्त्रीकडे आला. पण साहेबांनी प्रकरण समजून घेतलं आणि शेरा दिला, की सदर बोल्ट आवळण्याची कमाल मर्यादा गाठण्यात यश आले असून यापुढे तो सैल होण्याचा संभव उरलेला नाही. डोकं पुन्हा जागेवर चिकटवून त्यावर रुपेरी रंग मारण्यात आला. शेजारी पाटी लागली, 'कृपया येथे आवळू नये'. तेव्हापासून लोक सहा आणि आठ नंबरवर जास्त लक्ष देऊ लागले.

मिस्त्रीला हे सगळं सहन होत नव्हतं. आईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी धीर करून तो साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, तीन नंबर उघडू का?"

"उघडा की," साहेब म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतो?"

"मग तसं आपण सांगितलंय असं धरू ना?"

"तुम्ही उघडताय हे मला ठाऊकच नाही, असं धरा." साहेबांनी चष्मा पुसला. "मिस्त्री, तुमच्या हाताबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण उद्या त्या गाडीचा वायपर बंद पडला तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही, आणि तुम्हाला गाड्या धुताना बघणं मला जड जाईल."

हे ते मनापासून बोलले. मिस्त्री बाहेर आला, तेव्हा भोंगा नळीने दोन नंबरची गाडी धूत होता. धडपड्या फिटर होता म्हणतात एके काळी. आता पाठीला पोक आलेलं. मिस्त्रीने त्याच्याकडे बघायचं टाळलं. जाता जाता त्याने तीन नंबरचं बॉनेट उचललं, आणि हात रिकामा राहू नये म्हणून पाव फेरा दिला.

मग ती सकाळ आली. कार्यशाळेत नुकता चहा झाला होता. फोन खणखणला, ड्रायव्हर पत्त्याची चिठ्ठी घेऊन धावत तीन नंबरकडे गेला आणि ती वाचून जागच्या जागी थबकला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तुमच्याच घरचा पत्ता आहे."

मिस्त्रीने हातातला पाना तिथेच टाकला. तो तसाच, ऑइलच्या हातांनी, ड्रायव्हरशेजारी चढून बसला. ड्रायव्हर मात्र क्षणभर खाली उतरला, बॉनेट उचललं, पाव फेरा दिला, आणि मग गाडी काढली. रीत म्हणजे रीत.

जाताना काही झालं नाही. घरी आई पलंगावर बसली होती, घामाने डबडबलेली, एक हात छातीवर. बायको रडत होती. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा आईने मिस्त्रीच्या हातांकडे पाहिलं. "हात धुवून तरी यायचंस," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

पुलाच्या मधोमध इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढला आणि उतरायचं नाव घेईना. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. मग गाडी हळूहळू, फारसा गाजावाजा न करता, कडेला थांबली. ड्रायव्हरने दोन्ही डबे बाहेर काढले. एक रिकामाच निघाला. पलीकडून गाड्या जात होत्या. हॉस्पिटलची इमारत पुलावरून स्पष्ट दिसत होती, तिच्यावरचं घड्याळसुद्धा.

मिस्त्रीने बॉनेट उचललं. सहा नंबर, आठ नंबर, नऊ नंबर, सगळ्यांच्या डोक्यांशी पाणी उकळत, फसफसत वर येत होतं. सात नंबरचं रुपेरी डोकं तर निघून कुठेतरी पुलावर पडलेलं होतं. गाडीच्या बाजूच्या दारातून आई त्याच्याकडे बघत होती. बायकोने तिला श्वास घ्यायला बरं पडावं म्हणून उठवून बसवलं होतं. आणि मिस्त्रीच्या हाताने, मिस्त्रीला न विचारता, ड्रायव्हरच्या खिशातला पाना घेतला आणि आठ नंबरच्या बोल्टला लावला.

"काय करतोस?" आईने विचारलं.

"आवळतोय."

"सैल झालाय?"

"नाही."

"मग?"

मिस्त्रीने पाव फेरा दिला. ड्रायव्हर मदतीला हात लावायला पुढे झाला.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. मागे नव्याकोऱ्या गाद्या भरलेल्या, एकावर एक. टेम्पोवाल्याने कोणाला काही विचारलं नाही. दोघातिघांनी मिळून आईला उचलून सगळ्यात वरच्या गादीवर निजवलं, मिस्त्री तिला धरून बसला, आणि टेम्पो हॉर्न वाजवत हॉस्पिटलकडे सुटला. आई वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. ते ऐकून मिस्त्री हॉस्पिटलच्या पॅसेजमधे भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखा रडला. आईने मात्र शुद्धीवर आल्यावर पहिली चौकशी गादीची केली, की तशी आपल्याकडे घेता येईल का.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर आला तो वेगळाच माणूस होऊन. तीन नंबरची गाडी दोर लावून ओढून आणलेली, शेडमधे उभी होती. त्याने स्टोअरच्या जाळीवर थाप मारून सीलंटची ट्यूब मागितली. स्टोअरकीपरने त्याचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने दिली. मिस्त्रीने इंजिनातलं पाणी काढलं. लांब दांड्याचा पाना घेतला. तो एक नंबरच्या बोल्टला लावला, आणि लावला तो उलट्या बाजूने.

घासायचा कागद घासायचा थांबला. भोंग्याने नळ बंद केला. या कार्यशाळेत पाना उलट्या बाजूने लागलेला कित्येकांनी जन्मात पाहिलेला नव्हता, आणि ज्याने पाहिला होता तो बादलीशेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगणं अवघड आहे. आशा म्हणावी तर फार दिवसांत वापरलेली नसल्यामुळे ती ओळखू येत नव्हती.

साहेब खोलीतून बाहेर आले. ते रागावलेले नव्हते. उलट त्यांचे डोळे ओलावलेले होते.

"आई कशा आहेत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत." मिस्त्रीने पाना सोडला नाही.

"मला झोप लागली नाही, मिस्त्री. म्हटलं, आपल्याच माणसाच्या घरी ही वेळ यावी? याला काही माणुसकी आहे की नाही?" साहेब जवळ आले आणि त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "हे असं चालायचं नाही. मी कालच ठरवलं. यापुढे नदीपलीकडे दोन नंबरची गाडी जाईल."

मिस्त्रीने वर पाहिलं.

"दोन नंबर गळत नाही ना?"

"छे, तिला कोणी हातच लावलेला नाही."

"आणि तीन नंबर?"

"ती टेकडीकडे देतो. तुम्ही कशाला त्याची काळजी करता? तुमच्या आईपुरता प्रश्न मिटला की नाही?"

मिटला होता. खोटं कशाला बोला, मिस्त्रीला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तो बंपरवरच टेकला. आई आता दोन नंबरच्या गाडीतून जाईल, पूल ओलांडेल, पोचेल. त्याच्या मागोमाग थोडी लाजही वाटली. पण लाजेचं काय, ती टूलबॉक्समधे खालच्या कप्प्यात मावते. त्याने पाना काढला. ट्यूब स्टोअरकीपरला परत केली. इंजिनात पाणी भरलं. आणि आपण उलट्या बाजूने पाना लावला होता ही गोष्ट कोणाच्या मनात राहू नये म्हणून त्याच बोल्टला सुलट्या बाजूने पाव फेरा दिला. भोंग्याने नळ पुन्हा सुरू केला.

टेकडीवर स्टोअरकीपर राहायचा. तो चारच दिवसांनी साहेबांच्या खोलीत गेला. त्याच्या वहिनीचे दिवस भरत आले होते. मिस्त्रीच्या आईसाठी जो न्याय तो आपल्या वहिनीसाठी का नाही, असा त्याचा साधा सवाल होता, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. साहेबांनी ती काढलीही नाही. तीन नंबरची गाडी टेकडीवरून काढून बाजाराच्या विभागाला देण्यात आली. बाजारात साहेबांचे सासरे राहायचे. याबद्दल कोणी साहेबांकडे अर्ज केला नाही. त्यांच्या पत्नीने जेवताना तोंडी सांगितलं. गाडी दुसऱ्या दिवशी तिथूनही हलली.

ही व्यवस्था बसल्यापासून तीन नंबरच्या गाडीबद्दल कार्यशाळेतल्या एकाही कर्मचाऱ्याची, किंवा त्याच्या आईची, वहिनीची, सासऱ्याची तक्रार आलेली नाही. तक्रारींचं प्रमाण शून्यावर आलं. एवढ्या कमी वेळात एवढी सुधारणा होण्याचं हे एकमेव उदाहरण असावं. पाझर आहे तसाच आहे. लोकांची काळजीही तशीच आहे. जाता-येता हात लावल्याशिवाय कोणी राहत नाही. परवा नऊ नंबरच्या बोल्टाचंही डोकं निघालं. रुपेरी रंगाचा डबा जवळच होता.

आई घरी आली, चालायफिरायला लागली. एकदा मिस्त्री जेवायला बसला असताना तिने विचारलं,

"काय रे, ती गाडी नीट केलीस का?"

"सोय लावली."

"म्हणजे उघडलीस?"

"नाही. ती आता आपल्याकडे येणार नाही."

आईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मग कुठे जाते?"

"चौथ्या विभागात."

"तिथे कोण राहतं?"

मिस्त्रीने घास गिळला. आता त्याचा घास तोंडात फिरत नाही. "आपलं कोणी नाही," तो म्हणाला. आई भांडं उचलून उठून गेली. तब्येतीमुळे तिला जास्त बोलायला मनाईच होती.

नकाशावर चौथ्या विभागाला नाव नाही. तिथे 'इतर' एवढंच छापलेलं आहे. विभाग तसा चांगला आहे, मोठा आहे. तिथे वर चढून जायच्या इमारती आहेत, दुकानं आहेत, कोणाची ना कोणाची आई आहे, आणि निवांतपणे बसून गोष्टी वाचणारी, मधेच हसणारी माणसं आहेत. आपण कोणत्या विभागात येतो हे त्यांच्यापैकी फारसं कोणाला ठाऊक नसतं. खुद्द खात्यात तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर तुमचा विभाग कोणता हे आता सांगायला नको.

घाबरायचं काही कारण नाही. फोन केलात की गाडी लगेच निघेल. ड्रायव्हर कर्तव्यदक्ष आहे. फक्त पेशंटला जिन्यावरून खाली आणायच्या आधी दोन बादल्या पाणी खाली आणून ठेवा. पाणी कोमट असू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ब्लॉकला तडा जातो, आणि ते तुम्ही आणलेलं असल्यामुळे जबाबदारी तुमची राहील.